अपघातानंतरचे दोन तास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मद्यपी चालकांना जरब बसावी म्हणून राज्याने दंड आणि कैद दोन्ही वाढवावेत, असे आपण कालच्या अग्रलेखात लिहिले आहे. आपल्या कळकळीबद्दल शंका नाही. परंतु पहिल्या गुन्ह्याचा दोन हजारांचा दंड मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजारांपर्यंत गेलाच आहे. चालक प्यायला होता हेच जिथे सिद्ध होऊ दिले जात नाही, तिथे दहा हजार काय आणि पन्नास हजार काय!

माझे धाकटे दीर डेअरीला दूध घालून परतत असताना रात्री आठच्या सुमारास एका पिकअपने त्यांना उडवले. ते जागीच गेले. किटली चाकाखाली चपटी झाली होती. चालकाला उभे राहवत नव्हते, म्हणून लोकांनी त्याला बांधावर बसवून ठेवले होते आणि त्याच्या तोंडाचा भपकारा दोन हात लांब येत होता. ठाण्यातले श्वास तपासण्याचे यंत्र बंद, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर जागेवर नाहीत, असे करत त्याचे रक्त घेतले गेले ते रात्री दीड वाजता. अहवालात १०० मिलिलिटर रक्तात २४ मिलिग्रॅम मद्य निघाले. कायद्याची मर्यादा ३० ची आहे, त्यामुळे दारू पिऊन वाहन चालवण्याचे कलम १८५ गळाले. हे प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. साडेपाच तासांचा हिशेब आपणच करून पाहावा.

अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, असे कायदा सांगतो. पोलिसांनी अटकच साडेबाराची दाखवली, म्हणजे कागदावर तेही पाळले गेले! मोटार वाहनांचा विषय समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला दुरुस्ती करता येते. ती करायचीच असेल तर हे दोन तास अटकेच्या नोंदीपासून न मोजता अपघाताची खबर मिळाल्यापासून मोजावेत, आणि उशीर झाल्यास संबंधित अधिकाऱ्याला जबाबदार धरावे. पुण्यात मे २०२४ मध्ये रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला तेव्हा राज्यभर संताप उसळला; तालुक्याच्या गावी नमुना बदलावाही लागत नाही, नुसता उशीर पुरतो.

आणखी एक. दिरांच्या अपघाताची बातमी आपल्याच पत्रात ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ अशी आली होती. तो कशाने सुटला, हे आपल्या वार्ताहराला बांधावर उभ्या असलेल्या कोणाकडूनही विचारून घेता आले असते.

आपली,
एक वाचक, जि. सांगली