"थांबा, शेवटची ओळ बघू" म्हणालात त्याबद्दल

मॅडम,

तुमचं नाव टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे एवढ्याशा ओळखीतही कळलंय. वाचलंत तर समजेलच कोणाबद्दल आहे ते. त्या रात्री मेलवर "खूप खूप थँक्स" एवढं टाकून मोकळा झालो होतो, पण पंधरा दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी लिहायला बसलो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ऑडिटला पाच वर्षांचे सगळे व्यवहार एका फाइलमध्ये हवे होते. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, साधी, दोन जॉइन (टेबलं एकमेकांना जोडणं), उत्तर मात्र 43 लाख रेकॉर्डचं. स्क्रीनवर पहिले शंभर पटकन दिसतात ना, त्यामुळे मला वाटलं झालंच की, आता फक्त सेव्ह करायचं. त्या "फक्त"ने माझे चार दिवस खाल्ले.

आणि या चार दिवसांत मदत करणारे काही कमी भेटले नाहीत बरं का. एक म्हणाला, दहा ओळींची पायथन स्क्रिप्ट लिही, संपला विषय. लिहिली. तिने सगळा डेटा एका दमात मेमरीत ओढला, लॅपटॉपचा पंखा कोकलला आणि मग सगळंच गार. त्याला सांगितलं तर म्हणे रॅम वाढवून घे. दुसऱ्याने सांगितलं ऑफसेट लावून, म्हणजे आधीचे इतके रेकॉर्ड सोडून पुढचे दे असं सांगून, पन्नास-पन्नास हजारांचे तुकडे काढ. त्यासोबत ऑर्डर बाय लावून रेकॉर्डचा क्रम पक्का करायचा असतो हे काही बोलला नाही, त्यामुळे काही व्यवहार दोनदा आले, काही आलेच नाहीत, आणि पुढचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा हळू, कारण डेटाबेस बिचारा दरवेळी पहिल्यापासून मोजत येतो. तिसरे साहेब सगळ्यात भारी. त्यांनी स्वतःच एक्सेल फाइल बनवून दिली, "घे, झालं" म्हणाले, तिकीट बंद केलं. मी ती तशीच पुढे पाठवली. बेरीज जुळेना तेव्हा यांना फोन केला तर "क्वेरी तुझी आहे, तू बघ".

रात्री अकराला तुम्हाला मेसेज केला तो निव्वळ ऑन-कॉलच्या, म्हणजे अडचण आली तर अवेळीही ज्यांना गाठायचं त्यांच्या, यादीत तुमचं नाव होतं म्हणून. आमच्या टीमच्याही नाही तुम्ही. "उद्या तिकीट टाका" हे उत्तर मी मनात वाचून पण टाकलं होतं. तुम्ही विचारलंत, "फाइलमध्ये रेकॉर्ड किती आहेत?" मी म्हटलं 10,48,575. तुम्ही म्हणालात, "अच्छा, वरची हेडरची ओळ धरून 10,48,576. एक्सेलची शीट तिथेच संपते हो." बस्स. हसला नाहीत, एवढंही माहीत नाही का असा सूर नाही. मला आठवतंय मी दोन मिनिटं नुसता त्या आकड्याकडे बघत होतो, दोनाचा विसावा घात, रोज संगणकावर काम करणाऱ्या माणसाला ओळखू येऊ नये!

मग ते कॉपीचं. पोस्टग्रेस डेटाबेसची कॉपी कमांड, जी क्वेरीचं उत्तर थेट फाइलमध्ये लिहिते, ती मी आधी मारून बघितली होती, परमिशनचा एरर आला म्हणून सोडून दिली होती. तुम्ही म्हणालात, नुसत्या कॉपीने फाइल सर्व्हरच्या डिस्कवर लिहिली जाते, ती परवानगी तुम्हाला नाही आणि नसलेलीच बरी, कॉपीच्या आधी एक बॅकस्लॅश लावा, मग फाइल तुमच्याच मशीनवर येईल. एक बॅकस्लॅश! डेटा मेमरीत न साठता सरळ फाइलमध्ये वाहत गेला, आठ-नऊ मिनिटांत काम संपून प्रॉम्प्ट परत.

पण मॅडम, हे पत्र बॅकस्लॅशसाठी नाहीये. तो कधीतरी शोधून सापडला असता. मी म्हटलं झालं, थँक्यू, झोपा आता, तर तुम्ही म्हणालात, "थांबा, शेवटची ओळ बघू." बघितली, पूर्ण होती, मध्येच तुटलेली नव्हती. मग ओळी मोजायला लावल्या, तर कॉपीने खाली दिलेल्या आकड्यापेक्षा दोन हजार जास्त निघाल्या. माझ्या पोटात गोळा. तुम्ही शांतपणे, "पत्त्याच्या कॉलममध्ये लोकांनी एंटर मारलेत का बघा." मारले होते! अवतरणचिन्हांच्या आतला एंटर, म्हणजे रेकॉर्ड एकच, ओळी दोन. नीट सीएसव्ही (कॉमाने रकाने वेगळे केलेली फाइल) म्हणून, ओळी नाही तर रेकॉर्ड मोजल्यावर 43,17,208. इकडेही तेच, तिकडेही तेच. तुम्ही फक्त लिहिलंत, "जुळलं." तेव्हा बारा वाजून गेले होते.

चार दिवसांत मला "झालं" म्हणणारे तिघं भेटले, "जुळलं" म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या. हुशार माणसं ढिगाने असतात हो, ते तिघंही माझ्यापेक्षा हुशारच आहेत, पण दुसऱ्याचं काम खरंच पूर्ण झालंय का हे बघायला दहा मिनिटं जास्त थांबणारं माणूस, ज्याला त्यातून ना अप्रेझल ना काही, असं माणूस आजूबाजूला असलं की ऑफिसात जायला बरं वाटतं. मला वाटतं हा साधा चांगुलपणाच आहे, त्याला वेगळं काही नाव द्यायची गरज नाही.

आणि एक कबुली. तुम्ही म्हणाला होतात पत्त्यांमध्ये कॉमा फार आहेत, रकाने वेगळे करायला टॅब वापरा. मी "हो हो" म्हटलं आणि कॉमाच ठेवला, ऑडिटवाल्यांना तसाच हवा होता आणि तुमच्याशी वाद घालायची तेव्हा हिंमत नव्हती. काल त्यांनी पुढच्या तिमाहीची फाइल मागितली, तीही कॉमाचीच दिली. शेवटची ओळ बघितलीये, जुळलंय.