वाडीत सेन्सर बसवून घेतेय

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही पहिल्या वाक्यालाच "नको" म्हणाला असतात, म्हणून पत्र. वाडीत मातीचा ओलावा मोजणारे सेन्सर बसवायचं मी ठरवलंय. पैसे भरलेत, पुढच्या आठवड्यात माणूस येईल. रागावू नका. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही वीज आली की रात्री तुम्ही बॅटरी घेऊन शेवाळलेल्या पाटावरून पंपाशी जायचं आणि मी पुण्यात झोपायचं, हे आता मला जमत नाही.

तुमच्या हाताला कळतं ते यंत्राला काय कळणार, म्हणालच. आळ्यातली माती मुठीत दाबून तुम्ही म्हणायचात, "आज नको, उद्या शिंपू", आणि मीही इवलीशी मूठ दाबून तेच म्हणायचे. पण मुठीत येते ती वरची माती. आपली गुहागरची पुळणीची जमीन, पाणी भराभर खाली उतरतं. म्हणून माडाच्या आळ्यात एक सेन्सर फूटभर खोल आणि दुसरा त्याच्याही खाली. शिंपल्यावर खालचा आकडा लगेच चढला, तर पाणी मुळांना चुकवून चाललंय. पंप लवकर बंद करायचा. उपसा कमी झाला तर वैशाखात मचूळ होणाऱ्या विहिरीलाही जरा आराम.

हे यंत्र ओल विजेच्या एका गुणावरून ओळखतं, पदार्थ विजेचा भार किती धरून ठेवू शकतो त्यावरून. पाण्याचा तो गुण ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५. म्हणूनच मचूळ पाण्याने आकडा फुगतो, सेन्सरच्या कांडीभोवती पोकळी राहिली तर चुकतो. सुरुवातीला तुमची मूठ काय म्हणते आणि आकडा काय म्हणतो, दोन्ही वहीत लिहा. कुठल्या आकड्याला शिंपायचं ते तुम्हीच ठरवायचं, दुसरं कोण ठरवणार?

आई, तुझ्या अबोलीला कुणी हात लावणार नाही, बजावून ठेवलंय. धक्काबिक्का बसत नाही, बॅटरीवर चालतं. त्या माणसाला चहा दे, पण जेवणाचा घाट घालू नकोस, कंबर धरेल.

आणि बाबा, खुणेच्या काठीजवळ कुदळ मारायची नाही, वायर तुटेल. शिंपायला शेजारचा मुलगा येईल, त्याचे पैसे मी देईन. आकडा बघून त्याला हाक मारायची, बस्स. रात्री पंपाकडे जायचं नाही म्हणजे नाही. बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच घ्या, आणि फोन रोज चार्ज करा, आकडे त्यातच दिसणार आहेत.

तुमची,
बाय