गोळी 'बीडी' घ्यायची म्हणजे नेमकी कशी?

संपादक साहेब, नमस्कार.

डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही ही बोंब जुनीच आहे, मला बोलायचंय ते अक्षर लागलं तरी जे कळत नाही त्याच्याबद्दल. मागं इथं मेडिकलवर पोरगं एका आबांना म्हणलं ही गोळी बीडी आहे, तर आबा भडकलेच, "बिडी तर त्यानंच बंद करायला लावली ना रे!" सगळे हसले पण आबांचं काय चुकलं सांगा.

बीडी म्हणजे लॅटिनमधलं 'बिस दिए', दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे 'तेर दिए सुमेंदुम', तीनदा घ्यायची, आम्हा पेन्शनवाल्यांना टीडीएस म्हणलं की एफडीच्या व्याजातून कापलेले पैसेच आठवतात. एसओएस लिहलेलं बघून तर घाबरायलाच होतं, पण तो बुडत्या जहाजाचा सिग्नल नाही, 'सि ओपुस सित', गरज पडली तरच घ्या. एचएस म्हणजे झोपायच्या वेळी. चिठ्ठीच्या वर तो आर काढून पायाला काट मारलेली असते ना, ते पण लॅटिनच, 'रेसिपे' म्हणजे 'घे', स्वयंपाकातली रेसिपी पण तिथूनच आलेली.

सगळ्यात बेकार ओडी. गोळीपुढं असलं तर 'ओम्नी दिए', रोज एकदा, आणि डोळ्याच्या डॉक्टरकडं तेच ओडी म्हणजे 'ओक्युलस डेक्स्टर', उजवा डोळा! (पोरांनी मोबाईलवर शोधलं तर ओव्हरडोस निघतं, ते वेगळंच.) आता ड्रॉपच्या बाटलीसोबत नुसतं ओडी लिहून दिलं तर माणसानं काय समजायचं?

जुन्या काळी युरोपात डॉक्टरकी लॅटिनमधे शिकायचे म्हणून हे आलं, ठीक आहे, पण ब्रिटनमधे आता डॉक्टरांना सांगतात की शक्यतो साध्या इंग्रजीत, शॉर्टफॉर्म न करता लिहा. आपल्याकडं 2016 मधे मेडिकल कौन्सिलनं औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमधे लिहा म्हणून सांगितलं, म्हणजे नाव तरी लागतंय, पण घ्यायचं कसं ते अजून लॅटिनमधेच.

काही डॉक्टर 1-0-1 (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहितात ते बरंय, तरी उपाशीपोटी का जेवल्यावर ते राहतंच. मेडिकलवाला पट्टीवर पेनानं रेघा मारून देतो खरं, पण नेमका रेघा मारलेला तुकडाच आधी कापून संपतो, मग म्हातारी माणसं सुनेला विचारणार, सून मेडिकलवाल्याला फोन लावणार. "सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर", एवढं मराठीत लिहायला डॉक्टर साहेबांना कितीसा वेळ लागतो? दवाखान्याच्या पाटीवर नाव तर मराठीतच लिहलेलं असतं.

आपला एक वाचक,
सेलू, जि. परभणी