आमची फार्गो

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत त्या जोडप्याचा लेख वाचला, टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढून आत ओटा, फोल्डिंगचा पलंग, छोटा फ्रीज बसवलाय आणि दोन पोरांना घेऊन वर्षभर फिरतायत. छान लिहिलंय, फोटो तर मी सुनेला, नातवाला, शेजारच्या वहिनींना सगळ्यांना दाखवले. फक्त एका वाक्याला अडले. गाडीत संसार करणं मराठी माणसाला नवीन आहे, अशा अर्थाचं काहीतरी होतं. अहो नवीन कसलं? तमाशाचे फड बघा, सर्कसवाले बघा, आणि आम्ही टुरिंग टॉकीजवाले, म्हणजे गावोगाव तंबूत सिनेमा दाखवणारे, आमचं तर अख्खं बालपण ट्रकच्या हौद्यात गेलंय. आम्हाला त्याला लाइफस्टाइल म्हणतात हे माहीत नव्हतं एवढंच.

आजोबांनी जुनी फार्गो घेतली होती, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायच्या त्या. माझ्या आठवणीतली म्हणजे १९७४-७५ पासूनची, तेव्हाच ती म्हातारी होती. पुढून हँडल मारल्याशिवाय उठायची नाही, आणि थंडीत तर आजोबा तिला आधी चार शिव्या द्यायचे मग हँडल. हौद्यावर लाकडी सांगाडा आणि पत्रा ठोकून बॉडी केलेली. मागच्या निम्म्या भागात मशीन, म्हणजे प्रोजेक्टर. मध्ये फळ्यांचं पार्टिशन. आणि पुढे ड्रायव्हरच्या केबिनला लागून आमचं घर, ते किती असेल, सात फूट बाय सहा फूट. त्यात आजी, आई, मी, दादा आणि धाकटा. अण्णा (माझे वडील) आणि तात्या (माझे चुलते, तेच ऑपरेटर) मशीनच्या बाजूला नाहीतर तंबूत झोपायचे. भांडी पोत्यात, कपडे ट्रंकेत, ट्रंकेवर वाकळा, वाकळांवर आम्ही. जनरेटर वेगळ्या ट्रॉलीवर, तो मागून यायचा.

दसरा झाला की गाडी निघायची. मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, मग पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, तिथला रथ नोटांच्या माळांनी झाकलेला असतो आणि आम्हा पोरांचा दरवर्षी तोच खेळ, मोजायच्या किती आहेत. मग पौषात पाल, खंडोबाचं लग्न. पालीहून निघालो की गाडी आठ दिवस पिवळीच, भंडारा पत्र्याच्या खाचेखाचेत बसायचा, भातात सुद्धा यायचा. रंगपंचमीला बावधनचं बगाड, आणि चैत्रात शिखर शिंगणापूर. आम्हाला महिने कळायचे ते असे, कॅलेंडर नव्हतंच गाडीत, टांगणार कुठे. मृगाच्या आधी परत वडूजला, मग चार महिने गाडी छपरात आणि आम्ही शाळेत.

आता लेखात त्या ताईंना सगळे विचारतात म्हणे की मुलांच्या शाळेचं काय. आईलाही विचारायचे! अण्णांची पद्धत सोपी होती. ज्या गावात मुक्काम तिथल्या शाळेत जायचं, हेडमास्तरांना घरच्या सगळ्यांचे पास द्यायचे आणि आम्हाला मागच्या रांगेत बसवून यायचं. कुठे आठ दिवस, कुठे चार. एकच धडा मी तीन गावांत तीनदा शिकलेय आणि काही धडे अजून शिकायचे राहिलेत. पण वाचायला मला कुठल्या गुरुजींनी शिकवलेलं नाही, तात्यांनी शिकवलं, सेन्सॉरच्या सर्टिफिकेटवर. पिक्चरच्या आधी ते पडद्यावर येतं ना, त्यात किती रिळं ते लिहिलेलं असतं. तात्या म्हणायचे वाच, किती? मी म्हणायची सोळा. मग तेवढे डबे पेटीत आहेत का ते मोजायचं काम माझं. एकदा पंधराच निघाले, तेव्हा तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, सोळावा डबा आजीच्या पाटाखाली सापडला, उंच पाट हवा म्हणून तिनेच घेतला होता.

एक रीळ दहा-अकरा मिनिटांचं, दोन जोडून एका स्पूलवर, म्हणजे वीसेक मिनिटं. मशीन एकच. स्पूल संपला की अंधार, आणि अंधारात शिट्ट्या. त्या दोन-तीन मिनिटांत तात्या पुढचा स्पूल चढवायचे आणि कार्बनच्या कांड्या बघायचे. तेव्हा बल्ब नव्हता हो मशीनला, दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगी पेटवायची आणि त्या उजेडावर पिक्चर. उरलेले तुकडे आमचे, वरून तांब्याचा मुलामा आणि आत काळं, त्याने आम्ही फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या पडत्या फळीवर, चित्रं काढायचो. दादाने एकदा यात्रा कमिटीच्या अध्यक्षांचं काढलं, मिशा हुबेहूब, मग पुसायला निम्मा दिवस गेला.

आईचं घड्याळ म्हणजे रिळं. स्वयंपाक गाडीबाहेर, तीन दगडांवर, गाडीत स्टो पेटवायला अण्णांची सक्त मनाई होती, फिल्मपाशी विस्तव नको म्हणून. ती चुलीपाशी बसून आवाज ऐकायची आणि सांगायची, आता हिरोची आई गेली, म्हणजे नववं संपत आलं, भात टाका. दादा कोंडकेंचा पिक्चर असला की हशावरून कळायचं. एका पिक्चरला तर तिचं गणित इतकं पक्कं होतं की व्हिलनला पोलीस पकडायला आणि भाकरी तव्यावरून उतरायला एकच वेळ. ते सिनेमे तिने पडद्यावर क्वचितच बघितले असतील, पण डायलॉग सगळे पाठ, आणि भांडताना वापरायची सुद्धा.

मी पण समोरून पिक्चर फार कमी बघितले. पार्टिशनमधून तात्यांच्या खांद्यावरून भोकातून दिसेल तेवढं. आम्हा पोरांचं काम रिवाइंड करायचं, संपलेलं रीळ हाताने उलटं गुंडाळायचं. पट्टीच्या कडेला बोटं लावून ठेवायची, भोकं फाटली असतील तर बोटाला लागतं. लागलं की थांबायचं, तात्या ब्लेडने खरवडून सिमेंट (फिल्म चिकटवायचं) लावून जोडायचे. त्या सिमेंटचा वास नेलपॉलिशसारखा. परवा सुनेने नखं रंगवली आणि मला उगाच पुसेगाव आठवलं, तिला काही सांगता येईना, नुसती हसत बसले. कापलेल्या तुकड्यांतल्या फ्रेम आम्ही जमवायचो, फ्यूज गेलेल्या बल्बमध्ये पाणी भरून उन्हात धरलं की भिंतीवर हिरो. गावातली पोरं एका फ्रेमला मूठभर बोरं द्यायची, हिरोइनच्या फ्रेमला दोन मुठी.

झोप मात्र मशीनच्या खडखडाटातच लागायची. फळीच्या पलीकडे मशीन, अलीकडे माझं डोकं. फिल्म तुटली की आवाज बंद आणि मला जाग. अजून लाईट गेली आणि पंखा थांबला की मी उठून बसते, हे म्हणतात तुला स्वप्न पडलं का.

शेजार कुणाचा हे गावावर. तमाशाचा फड लागला की आमचं बुकिंग बसायचं, आणि विठाबाई नारायणगावकरांचा फड असला तर अण्णा स्वतःच म्हणायचे, आज एकच खेळ लावा, पब्लिक तिकडेच जाणार. रागावायचे नाहीत. त्यांच्याही पोरी आमच्यासारख्या ट्रकखाली खेळायच्या, दुपारी आया झोपल्या की आम्ही सगळ्या मिळून चाकांमध्ये भातुकली मांडायचो. त्यांची भातुकली आमच्यापेक्षा भारी, खरे घुंगरू असायचे त्यांच्याकडे.

एक रात्र सांगते आणि थांबते. साल नक्की आठवत नाही, मी तिसरीत असेन. शिंगणापूरची यात्रा, दिवसभर मुंगी घाटातून कावडी चढलेल्या, रात्री तंबू फुल्ल आणि दुसऱ्याच स्पूलला वळीव आला. वारं असं की कनाती पतंगासारख्या उडाल्या, अण्णा आणि पंधरा-वीस गडी डांबांना मिठी मारून उभे, तात्यांनी मशीनवर ताडपत्री टाकली आणि त्यावर स्वतः पडले. आईने फाळका खाली सोडला आणि लेकुरवाळ्या बायकांना वर ओढायला लागली. त्या सात बाय सहाच्या घरात किती माणसं मावावीत? दादाने मोजली, बायका-पोरं मिळून तेवीस. एकीचं बाळ माझ्या मांडीत, त्याने मला भिजवलं ते पावसापेक्षा जास्त. आणि आजीने काय करावं, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये जाऊन क्लचपाशी स्टो पेटवला आणि चहा टाकला. अण्णांची मनाई तिने आयुष्यात तेवढी एकदा मोडली. एका पातेल्यात तेवीस जणींना कसा पुरवला देव जाणे, घोट घोट आला, पण आला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी भोंग्यावर सांगितलं की कालची पब्लिक फुकट सोडणार, तिकिटं भिजली असतील तर तोंडी सांगा. काल तंबूत होती त्याच्या दुप्पट माणसं आली. सगळ्यांना सोडलं.

सगळंच काही गोड नव्हतं, ते पण लिहिते. पहाटे अंधारात डबा घेऊन आई आणि आजी लांब जायच्या, मी थोडी मोठी झाल्यावर मीसुद्धा, आणि त्या वयात मला गाडीचा, जत्रेचा, सगळ्याचा राग यायचा. त्या लेखातल्या गाडीला केमिकल टॉयलेट आहे हे वाचून मला सगळ्यात जास्त बरं वाटलं, बाकी फ्रीज वगैरे ठीक आहे. सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन टुरिझमचं धोरण आणलं, गाड्या उभ्या करायला पार्क आणि तिथे पाणी, लाईट, सांडपाण्याची सोय असं वाचलं होतं. चांगलंय. आमच्या वेळी जागेला यात्रा कमिटी आणि पाण्याला ज्याची विहीर तो.

१९८२ नंतर कलर टीव्ही आले, मग व्हिडिओ, मग गावात केबल. मी लग्न होऊन कराडला आले. दादाने नेटाने चालवलं, नंतर रिळं यायचीच बंद झाली, सगळं डिजिटल. २०११ ला फार्गो भंगारात दिली, वजनावर. मी गेले नाही बघायला. दादाने तेवढं पार्टिशन काढून ठेवलं, ते आता वडूजच्या घरी गोठ्याच्या दाराला लावलंय आणि माझ्या डोक्याच्या तेलाचा डाग त्यावर अजून आहे.

आता पत्राचं खरं कारण. आमच्याकडे फार्गोचा एकही फोटो नाही. आम्ही गावोगाव लोकांना पिक्चर दाखवत फिरलो पण कॅमेरा कुणाकडे होता. मात्र तेव्हा जत्रेत फोटोवाले असायचे आणि लोक पाळण्यापाशी, रथापाशी हौसेने फोटो काढून घ्यायचे. तर म्हसवड, पुसेगाव, पाल, बावधन, शिंगणापूर इकडच्या कुणाच्या जुन्या अल्बममध्ये, साधारण १९७० ते ८५ मधल्या, मागे निळ्या रंगाचा नाकाडा ट्रक दिसत असेल, टपावर दोन भोंगे आणि फाळक्यावर काळ्या रेघांची चित्रं, तर कृपया आपल्या कार्यालयात कळवावं. मूळ फोटो नको, मोबाईलवर काढलेला चालेल. फाळक्यापाशी दोन वेण्यांची पोरगी उभी असली तर ती मी.

आपली,
एका टुरिंगवाल्याची मुलगी, कराड