ऑक्सबर्गचा विटांचा वाडा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातला ऑक्सबर्ग हॉल पाहून आलो. तू बरोबर हवा होतास. चारी बाजूंनी पाण्याने भरलेला खंदक, त्यावर पूल आणि पुलापलीकडे दोन उंच बुरुजांचं विटांचं प्रवेशद्वार. वाडा बांधणाऱ्या एडमंड बेडिंगफेल्डने १४८२ मध्ये चौथ्या एडवर्ड राजाकडून तटबंदीची परवानगी मिळवली. पण खरं सांगू? सगळी ऐट! दरवाजाच्या कमानीवरच एवढाल्या खिडक्या ठेवून कोण लढाई करतं? त्या भागात गारगोटी सोडली तर बांधकामाचा धड दगड नाही, आणि वीट ही तेव्हा श्रीमंतांनी मिरवायची गोष्ट. ती या गड्याने पोटभर मिरवली.

बुरुजातला गोल जिना मात्र खरी कारागिरी. पायऱ्यांच्या पोटातलं छतसुद्धा विटांचंच, वळत वळत वर जाणारं. हात धरायचा कठडाही भिंतीतच, वळणाप्रमाणे घडवलेल्या विटांचा. मी दोनदा चढलो-उतरलो, गुडघ्यांनी शिव्या घातल्या.

घराणं कॅथलिक आणि राज्य प्रोटेस्टंट. १५८५ च्या कायद्यानंतर कॅथलिक पाद्र्याला आसरा देणाऱ्याला फाशी होऊ शकत असे. म्हणून बुरुजातल्या जुन्या शौचकूपात, फरशीचाच भाग वाटावा अशा झाकणाखाली, माणूस अंग चोरून जेमतेम मावेल एवढी खोबण केलेली. खंदक-बुरूज शोभेला आणि जीव वाचवायची सोय ही एवढीशी!

१७७५ मध्ये दक्षिणेकडचं मोठं दालन पाडलं. एकोणिसाव्या शतकात बरीच डागडुजी झाली, त्यामुळे जुनं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे चटकन कळत नाही. १९५१ मध्ये तर अख्खा वाडा पाडायचा बेत होता. घराण्यातल्या तीन बायकांनी आपापली घरं विकून वाडा सोडवला आणि पुढच्या वर्षी नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिला.

२०१६ मध्ये छपरातली एक खिडकी कोसळली, तेव्हा दुरुस्ती काढावी लागली. २०२० मध्ये छपराच्या वळचणीतल्या राडारोड्यात पंधराव्या शतकातल्या सोनेरी नक्षीच्या हस्तलिखिताचं पान सापडलं, आणि माळ्याच्या फळ्या उचलल्या तर खाली उंदरांच्या घरट्यांत जुन्या कापडाच्या चिंध्या! फळ्यांखालच्या चुन्याच्या थराने ओल शोषली म्हणून तिथलं सगळं टिकलं, असं सांगतात. चुन्यातलं तुला जास्त कळतं. हे कितपत पटतं ते सविस्तर कळव, आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनिल