खातं बदलल्याचा मेल आणि हिशेबनीसाचा अधिकार

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी 19 वर्षं हिशेब बघते. हल्ली आमच्या भागातले कारखानदार कुठेही भेटले की विषय एआयचाच. कोटेशन त्यावर करा, गिऱ्हाइकाला इंग्रजी पत्र त्यावर लिहा. माझा त्याला विरोध नाही. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. पुण्या-बेंगळूरच्या कंपन्यांना मेल लिहायला पूर्वी अर्धा तास जायचा, आता पाच मिनिटांत होतो. पण जे माझं इंग्रजी सुधारतं ते चोराचंही सुधारतं, आणि याबद्दल बोलणारा मालक मला अजून भेटलेला नाही.

2024 च्या दिवाळीआधी पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) देणाऱ्या आमच्या जुन्या व्यापाऱ्याचा मेल आला. खातं ऑडिटमध्ये अडकलंय, या वेळचं पेमेंट नव्या खात्यावर करा. बिल नंबर बरोबर, तारीख बरोबर, ट्रकचा नंबरसुद्धा बरोबर. खाली आमचा आधीचा सगळा पत्रव्यवहारही होता. असले मेल पूर्वी मोडक्या इंग्रजीवरून ओळखू यायचे. यात एकही चूक नव्हती. मालक प्रवासात होते. फोनवर म्हणाले, ‘‘मॅडम, सणाचं तोंड आहे, सोडून टाका, नाहीतर तो माल अडवेल.’’ मी 3,84,000 रुपये आरटीजीएसने सोडले.

तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने पैसे मागितले. तेव्हा मेलचा पत्ता अक्षर अक्षर लावून पाहिला. ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ एकमेकांना चिकटून बसले होते. स्क्रीनवर फरक कळतच नाही. आमच्या दोघांपैकी कुणाचा तरी मेल आधीपासून तिसराच माणूस वाचत होता. 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरवर फोन केला, पण पैसे तोवर पुढच्या खात्यांत गेले होते. फार थोडे गोठवता आले. तोच फोन पहिल्या तासाभरात करायचा असतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मोठ्यांचंही हेच झालंय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून 2022 साली मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सॲप संदेशावरून एक कोटीहून जास्त रक्कम गेली. अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेबांचे चेहरे आणि आवाज ओळखून 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. मीटिंगमधले ते साहेब एआयने बनवलेले होते. 2024 मध्ये हे उघड झालं. दोन्हीकडे हुकूम वरून आल्यासारखा दिसला आणि पैसे सोडणाऱ्याने तो पाळला. माझंही तेच झालं.

मालकांना विचारलं तर उत्तर मिळतं, मेलचं आयटीवाला बघेल. 30 माणसांच्या वर्कशॉपमध्ये आयटीवाला म्हणजे महिन्यातून एकदा प्रिंटर बघायला येणारा मुलगा. त्याच्यावर लाखांची जबाबदारी टाकणं बरोबर नाही. मेलला पासवर्डशिवाय दुसरा ओटीपी लावून घेणं तो करू शकतो, तेवढं जरूर करून घ्यावं. रिझर्व्ह बँकेने बँकांना 1 एप्रिल 2025 पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीआधी लाभार्थ्याचं नाव दाखवायची सोय करायला सांगितलं होतं. ती आधी असती तर कदाचित मी थांबले असते. कदाचितच म्हणते, कारण त्या दिवशी मालक फोनवर होते आणि घाई त्यांची होती.

म्हणून माझं मागणं मालकांकडे आहे. एआयवर पैसे खर्च करण्याआधी आपल्या हिशेबनीसाला पेमेंट थांबवायचा अधिकार लेखी द्या. खातं बदललं म्हणून कळलं, तर मेलमधल्या नव्हे, जुन्या डायरीतल्या नंबरवर फोन करायचा, आणि त्यात एक दिवस गेला तर कुणी रागवायचं नाही. उद्योजक संघटनांनी हे बैठकीत घ्यावं, मराठीत आणि कन्नडमध्येही.

आमच्या मालकांनी नंतर स्वतःच्या हाताने एक कागद लिहिला. तो माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे : ‘खाते बदलल्यास फोन केल्याशिवाय पैसे सोडू नयेत. मी सांगितले तरी.’ खाली आमच्या स्टोअरकीपरने तेच कन्नडमध्ये लिहून ठेवलंय.

आपली नम्र,
एक हिशेबनीस, उद्यमबाग, बेळगाव