सात घरांचं अंगण मोकळं राहू द्या

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

नवी मुंबईत बेलापूरला पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज आहे. सिडकोसाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात ही वसाहत आखली, साधारण 550 कुटुंबांसाठी. मी लहानपणापासून इथेच राहतो. गेल्या महिन्यात आमच्या अंगणातलं आणखी एक मूळ घर पाडलं, म्हणून हे पत्र.

बाहेरचे लोक या घरांना रो-हाउस म्हणतात, पण खरी मेख अशी की इथे दोन घरांत सामाईक भिंतच नाही. रो-हाउसमध्ये एकानं तोडफोड केली की शेजाऱ्याच्या भिंतीला तडे जातात. इथलं प्रत्येक घर आपल्या प्लॉटवर सुटं उभं आहे. प्लॉट 45 ते 75 चौरस मीटर, म्हणजे गरिबाच्या आणि बऱ्या स्थितीतल्या माणसाच्या जागेत फारसा फरक नाही. 7 घरांमध्ये मिळून 8 मीटर लांब-रुंद अंगण. असे तीन गट, म्हणजे 21 घरं, मिळून 12 मीटरचं मोठं अंगण. उतरती कौलारू छपरं, साध्या गवंड्याला जमेल असं बांधकाम. कुटुंब वाढेल, हाती पैसा येईल, तशी खोली वाढवावी हाच मूळ हेतू.

आम्हीही वाढवली. आजीला जिना झेपेना म्हणून पडवी बंद करून तिची खोली केली. पुढे कौलं शाकारायला माणूस मिळेनासा झाला. दर पावसाळ्यात माळ्यावर घमेली मांडून थकलो, तेव्हा वडिलांनी मागच्या भागावर स्लॅब टाकला. ती खोली उन्हाळ्यात तापते, हेही खरं. पण अंगणाकडची कौलं ठेवली, ओटा ठेवला. त्या ओट्यावर अजून संध्याकाळी चारजण टेकतात. असं बदललेलं घर मला बिघडलेलं वाटत नाही.

पाडून बांधणं निराळं. जोत्यापासून नवं, प्लॉटच्या कडेपर्यंत, तीन मजले. शेजारच्या घराचा वारा आणि ऊन दोन्ही जातं. ओट्याच्या जागी गाडी, दुसरी गाडी सामाईक अंगणात. सातांपैकी एकानं असं केलं की शेजारच्या घरात दिवसाही दिवे लागतात, मग तेही पडतं. पाडणाऱ्यांवर माझा राग नाही. घरात माणसं वाढली, जागा लागतेच.

म्हणून घरं आहेत तशीच ठेवा, असं माझं मागणं नाही. ते कोरियांच्या आराखड्यालाच सोडून होईल. बांधकामाची नियमावली आपल्या खात्याच्या हातात आहे. तिच्यात या वसाहतीपुरतं स्पष्ट कलम असावं: सामाईक अंगणात बांधकाम नाही, वाहन नाही, अंगणाकडची उंची मर्यादित, वाढ करायची ती मागच्या बाजूला. गाड्यांसाठी वसाहतीच्या कडेला जागा द्यावी लागेल, त्याशिवाय हा नियम टिकणार नाही. मूळ घर राखून वाढवणाऱ्याला परवानगी लवकर आणि कमी शुल्कात मिळावी. शाकारणी जाणणारे कारागीर आणि मूळ नकाशे सहज मिळाले, तर बरेच जण पाडायचा विचार सोडतील, असं शेजाऱ्यांशी बोलताना जाणवतं.

आमच्या अंगणात आता 3 मूळ घरं उरली आहेत. पावसाळ्यापूर्वी आपण एकदा यावं, ही विनंती.

आपला,
आर्टिस्ट व्हिलेज, सीबीडी बेलापूर येथील एक रहिवासी